बिनकानाचा काजवा

वेळण्याच्या देवळात कौल झाला आणि श्रुतिका मगदूमच्या तोंडचं पाणीच पळालं.

देवाने गावपळण सांगितली होती. दहा डिसेंबरला दुपारी ढोल वाजला की अख्खं गाव वेशीबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, कुणी म्हणून मागे राहायचं नाही. तीन रात्री बाहेर काढायच्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन परतायचं. दर चार वर्षांनी वेळणे गाव हे करत आलं होतं, आणि सन २०३८ उजाडलं, घरोघरी यंत्रं बोलायला लागली, तरी त्यात तसूभर फरक पडला नव्हता. पोरं तर कौल ऐकून देवळाच्या अंगणातच उड्या मारायला लागली. तीन दिवस काजूच्या रानात झोपड्या, चुलीवरची माशांची तिखलं, भजनं, फुगड्या! कुणाला नको असेल?

श्रुतिकाबाईंना नको होतं. मिरजेहून इथल्या शाळेवर शिक्षिका म्हणून येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती आणि एरवी त्या गावाच्या सगळ्या हौशीत पुढे असायच्या. पण बारा डिसेंबरला संध्याकाळी पाच वाजता राज्यभरातल्या दुसरीच्या मुलांचे वाचनाचे आकडे बंद होणार होते. एकशेवीस शब्दांपैकी शंभर पक्के असतील ते मूल पुढे. नसतील ते एक वर्षासाठी जिल्ह्याच्या गावी, निवासी वाचन-केंद्रात. वेळण्याच्या शाळेत दुसरीची नऊ मुलं होती. आठ जणं शंभराच्या वर केव्हाच गेली होती. नववी किमया तांडेल, ती दोन महिने एकसष्टवर ठाण मांडून बसली होती.

आणि शाळाच बंद राहणार म्हटल्यावर आकडा हलणार कसा?

आता हे एकशेवीस शब्द म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. कुठलंही पुस्तक उघडा, काही शब्द पानापानावर आपले हजर असतात. आणि, पण, मग, आहे, होता, नाही, मला, त्याला, कुठे, म्हणून. वाचणारा तरबेज झाला की तो हे शब्द अक्षर लावून वाचतच नाही. लांबून येणारी मावशी आपण ओळखतो, तेव्हा तिचं नाक बघू, कान बघू असं थोडंच करतो? तसं. पण नवखं मूल प्रत्येक 'म्हणून'पाशी अडखळतं, म-ला-ह, ण-ला-उकार करत बसतं आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरून जातं. सगळी शक्ती त्या फुटकळ शब्दांतच खर्च होते, गोष्टीसाठी काही उरतच नाही.

त्यावर काजवा निघाला. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, पण बाकावरचा तो पेल्याएवढा दिवा पाहून पोरांनी त्याला 'काजवो' म्हटलं आणि तेच सगळीकडे रूढ झालं. आपला डोळा ओळीवरून सरळ घसरत नाही. चिमणी दाणे टिपते तसा उड्या मारत जातो. एक उडी, पाव सेकंद थांबा, पुन्हा उडी. आणि गंमत अशी, की उडी चालू असताना मेंदूला काही दिसतच नाही! त्या निमिषापुरते आपण सगळे आंधळे. काजवा नेमकं तेवढंच निमिष पकडायचा. मुलाची बुबुळं बघून पुढची उडी कुठल्या शब्दावर पडणार ते त्याला आधीच कळायचं, आणि शब्द कच्चा असला तर त्यावर तो मधाच्या रंगाचा उजेड टाकून ठेवायचा. डोळा तिथे पोचला की शब्द कसा ठसठशीत उठून दिसायचा. दिवसेंदिवस उजेड कमी करत न्यायचा. उजेड शून्यावर आला, की शब्द पक्का.

शब्द बरोबर उच्चारला की नाही हे ऐकायला शाळेच्या भिंतीवर एक कानही बसवला होता. डोळा बाकावर, कान भिंतीवर. दोघांचं एकमत झालं की आकडा पुढे सरकायचा आणि तसाच जिल्ह्याला पोचायचा.

श्रुतिकाबाई काजव्यावर बेहद्द खूश होत्या. पाच-पाच महिने रडतखडत वाचणारी पोरं पंधरा दिवसांत धाडधाड वाचायला लागली होती. सहा वर्षांच्या नोकरीत असं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. फक्त किमयाचं काय बिनसलं होतं ते देवाला ठाऊक.

किमया म्हणजे नुसती बडबडी. आईबाप गोव्यात मासळीच्या कारखान्यात, ही इथे आजोबांजवळ. आजोबा गुणाजी तांडेल, किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्याचे म्होरके, आणि बाई त्यांच्याच पडवीतल्या खोलीत भाड्याने राहायच्या. रोज संध्याकाळी जेवताना किमया आजोबांना दिवसभराची खबर सांगायची, ती ऐकत बसावी अशी. पण वर्गात पुस्तक पुढे आलं की तोंडाला कुलूप.

सुरुवातीला तशी नव्हती ती. पहिल्या आठवड्यात पानावर 'मला' दिसलं की ही 'माका' म्हणायची. 'कुठे' दिसलं की 'खय'. आठही मुलांच्या घरी तीच मालवणी होती, पण ती पोरं पुस्तक उघडल्यावर पुस्तकासारखं बोलायची. ही नाही. भिंतीवरचा कान 'टुक' करून लाल व्हायचा आणि बाईही म्हणायच्या, "मला म्हण, किमया. मला. पुस्तकात काय लिहिलंय ते बघ ना." हळूहळू किमया गप्प झाली. काजवा तिच्या शब्दांवर जास्त जास्त उजेड टाकू लागला आणि ती उजेड पडलेल्या शब्दाकडे नुसती बघत बसू लागली.

नऊ तारखेला संध्याकाळी बाईंनी किमयाचा वाचन-केंद्राचा अर्ज भरला. नियमच होता, आकडा कमी असेल त्याचा अर्ज आधी तयार ठेवायचा. खाली सही केली. 'पालकांना कळवले आहे' असा एक रकाना होता, तिथेही बरोबरची खूण केली. घरी गेल्यावर गुणाजीकाकांनी ताटात सुरमईची तुकडी वाढली, आणि बाई ती नुसती चिवडत बसल्या. कळवायचं त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण उद्या गावपळण, म्हातारा खुशीत, असू दे आता, असं म्हणत त्यांनी पाणी पिऊन विषय गिळला.

दहा तारखेला ढोल वाजायच्या अर्धा तास आधी बाई शाळेत घुसल्या. एक तरी काजवा बरोबर न्यायचाच! तीन दिवस आहेत, झाला तर चमत्कार होईल. किमयाच्या बाकाचे चार स्क्रू त्यांनी स्वयंपाकघरातल्या सुरीने काढले, बोट कापून घेतलं, दिवा आणि एक गोष्टीचं पुस्तक पिशवीत कोंबलं आणि धूम ठोकली. वेशीवर पोचल्या आणि मागे ढोल घुमला.

रानात पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की कान भिंतीवरच राहिला.

आता परत जायचं नाव नाही. ढोल झाल्यावर गावात पाऊल टाकलं तर अख्खी गावपळण बाटली असती. बाई काजूच्या झाडाखाली मटकन बसल्या. इतकी धावाधाव करून नेमका अर्धाच दिवा आणला होता! स्वतःचाच असा राग आला की दोन थोबाडीत मारून घ्याव्यात.

"बाईनू, काय झाला?" गुणाजीकाकांनी झोपडीच्या मेढी ठोकता ठोकता विचारलं.

"काही नाही हो. वेंधळेपणा केला."

"मगे आज रजा घेवा. गावपळणीत कामा करूची नसतत."

दोन दिवस बाईंनी किमयाला पुस्तकाचं नाव काढू दिलं नाही. खरं तर हिंमतच झाली नाही. बिनकानाच्या दिव्यासमोर वाचून आकडा वाढणार थोडाच, उलट पोर आणखी बावरायची. दोन दिवस किमया रानात हुंदडली, काजूच्या फांद्यांवर लोंबकळली, फुगडीत तिने बाईंना गरगरा फिरवून पाडलं. बारा तारीख उजाडली. पाच वाजले की संपलं.

दुपारची जेवणं झाली. माणसं झाडाखाली लवंडली होती. गुणाजीकाकांनी पिशवीतून डोकावणारा दिवा पाहिला.

"ह्या डबड्यात काय आसा?"

"आजा, तो काजवो!" किमया ओरडली. "आमच्या शाळेतलो!"

"मगे लाव बघू. काय करता तो?"

बाईंना नाही म्हणवेना. जाऊ दे, म्हाताऱ्याला तेवढंच दाखवू, म्हणून त्यांनी दिवा एका खोक्यावर ठेवला, समोर गोष्टीचं पुस्तक उघडलं आणि किमयाला बसवलं. आजूबाजूची पाच-पंचवीस माणसं सरकत सरकत जवळ आली.

"वाच गो बायो," आजोबा म्हणाले. "आमका ऐकव."

किमयाने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे. मग पुस्तकाकडे. पानावर छापलं होतं: एका गावात एक शिंपी होता. त्याला रोज एक माकड भेटायला यायचे. माकड म्हणाले, मला एक सदरा शिवून दे.

किमया पहिल्या दोन शब्दांपाशी जरा घुटमळली आणि मग सुटलीच!

"एका गावात एक शिंपी होतो. तेका रोज एक माकड भेटाक येय. माकड म्हणाला, माका एक सदरो शिवून दी. शिंपी म्हणालो, तुज्याकडे कापड खय आसा?"

"बरोबर आसा शिंप्याचा!" कुणीतरी म्हणालं. "मगे? दिल्यान काय शिवून?"

"थांबा ना, सांगतंय!"

बाईंच्या ओठांवर सवयीने 'मला म्हण' आलं होतं. भिंत नव्हती, कान नव्हता, टुक झालं नाही, आणि त्या क्षणी त्यांची नजर दिव्याच्या बाजूच्या आकड्यावर गेली.

अडुसष्ट.

बाई ताडकन गुडघ्यांवर उठून बसल्या. एकाहत्तर. किमयाने पान उलटलं. एकोणऐंशी. कान तुटलेला काजवा आता फक्त डोळ्याचं ऐकत होता, आणि डोळा कसा भरधाव चालला होता! 'म्हणून'वर थांबा नाही, 'कुठे'वर नाही, 'आणि' तर ओलांडूनच उडी. शब्दाशब्दावरचा मधाळ उजेड विझत चालला होता. एक्याण्णव! माकडाने केळीच्या पानाचं कापड आणलं तेव्हा सगळी हसून लोळली. अठ्ठ्याण्णव! बाईंना वाटलं आपलं हृदय आता बाहेर पडून खोक्यावर नाचणार.

"शंभर!" त्या किंचाळल्या. "अगं शंभर!"

"बाई, मदी बोलू नको ना," किमया वैतागून म्हणाली आणि पुढे वाचत सुटली.

गोष्ट संपली तेव्हा आकडा होता एकशेसतरा. किमयाने दिव्याला टिचकी मारली. "बाई, उजेड पडणा नाय. काजवो मेलो?"

"नाही गं. त्याला आता तुझ्यासाठी काही कामच उरलं नाही."

आणि मग बाईंच्या डोक्यात एकेक गोष्ट लख्ख व्हायला लागली. पोरगी पहिल्या आठवड्यापासून वाचत होती! 'मला' ओळखून, त्याचा अर्थ घेऊन, आपल्या माणसांना कळेल असं ती 'माका' सांगत होती. बाकीची आठ नुसती पुस्तकामागून बोलत होती, हिचं तर वाचून सांगूनही होत होतं. आणि कान म्हणायचा, चूक. मग दिवा उजेड टाकायचा, उजेड पडला की डोळा थबकायचा, डोळा थबकला की दिवा म्हणायचा, बघा, हिला शब्द येतच नाही. चांगली पळणारी पोर त्या घाण्याला जुंपून आपण दोन महिने गोल गोल फिरवली. कान यंत्राचा होता, हे खरं. पण 'मला म्हण, मला' ही टुकटुक आपलीच होती. बाईंना इतका आनंद आणि इतकी लाज एकदम कधी वाटली नव्हती.

साडेतीनला पांढरी गाडी रानाच्या कडेला येऊन थांबली. आतून शार्दूल केतकर उतरला, काजवा बसवणाऱ्यांचा जिल्ह्यातला माणूस, मूळचा पुण्याचा, तिशीच्या आतला. तो बराच तणतणत आला होता.

"मॅडम, एकसष्टचे एकशेसतरा? बावीस मिनिटांत? यंत्राने फसवणूक म्हणून धरलंय. दिव्यासमोर कोण बसलं होतं खरंखरं सांगा. तुम्ही?"

"किमयाच बसली होती. विचारा या सगळ्यांना." पंचवीस माणसांनी एकाच वेळी सांगायला सुरुवात केली. शार्दूलने कानांवर हात ठेवले.

बाईंनी त्याला सगळं उलगडून सांगितलं. तो ऐकत गेला, मध्येच त्याचा राग ओसरला आणि डोळे चमकले. यंत्रातला माणूस होता, हरखून जाणं त्याच्याही रक्तात होतं. पण त्याने मान हलवली.

"तुमचं म्हणणं पटतंय मला. पण पुरावा? हे पुस्तक शाळेतलं, तिला पाठ असेल. दिवा बंद ठेवून, तिने जन्मात न पाहिलेला छापील मजकूर वाचायला हवा. असं काही आहे? तर मी आत्ता इथून पाचच्या आत आकडा पक्का करतो."

शोधाशोध सुरू झाली. पण छापील कागद ही चीजच आता दुर्मीळ झाली होती. भजनाच्या वह्या लहानथोरांना पाठ. मसाल्याच्या पुड्यांवर इंग्रजी. सव्वाचार झाले.

बाईंच्या पर्समध्ये एक कागद होता. छापील, मराठीत, किमयाने कधी न पाहिलेला. तो आपल्याजवळ आहे हे त्यांना शोधाशोध सुरू झाल्यापासून माहीत होतं. म्हातारा समोरच बसला होता, नातीच्या कौतुकाने नुसता फुलून गेलेला. कागद बाहेर काढला तर त्याच्या घरात पुन्हा तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. नाही काढला तर पोर जाणार. बाईंनी पर्स उघडली.

"हा घे, किमया. मोठ्याने वाच. तुला हवं तसं वाच."

किमयाने कागद घेतला. शार्दूल तिच्या मागे उभा राहिला, कागदावरच्या ओळींवर नजर ठेवून.

"सदर..." ती अडली. "बाई, सदर म्हंजे काय?"

"म्हणजे ही. ज्या मुलीबद्दल लिहिलंय ती."

"मगे तसा लिवाक काय झाला?" सगळे हसले. किमया पुढे निघाली. "ह्या चेडवाक अजून वाचूक येणा नाय. म्हणान तेका एका वर्सासाठी नि... निवासी वाचन-केंद्रात धाडूचा. थय तेची रवाची सोय आसा. घरच्यांका कळवलेला आसा."

हसणं थांबलं होतं. किमयाचा डोळा खाली उतरला. "चेडवाचा नाव, किमया संदीप तांडेल." तिने मान वर केली, पुन्हा खाली घातली. "सही, श्रुतिका मगदूम. बाई, ही तुजी सही."

बसलेली सगळी माणसं आता बाईंकडे बघत होती.

"बाईनू," गुणाजीकाका हळूच म्हणाले, "घरच्यांका कळवलेला आसा म्हणतत. माका कोणी कळवल्यानी?"

"कुणी नाही, काका. कळवायचं माझंच काम होतं. तुमच्या ताटावर बसून माझी जीभ उचलली नाही." बाईंना आता रडू आवरेना. "माझं चुकलं. दोन्हीकडे चुकलं."

म्हाताऱ्याने नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "चेडू वाचता," तो म्हणाला, "म्हणान तरी माका कळला."

शार्दूलने खाकरून घसा साफ केला. "एकही शब्द सुटला नाही," तो म्हणाला. "मला तिचं बोलणं निम्मंच कळतंय, पण ओळ न् ओळ जागेवर आहे. अडली ती फक्त 'सदर' आणि 'निवासी'पाशी. तिथे तर मीही अडलो असतो." त्याने हातातल्या यंत्रावर आकडा पक्का केला. पाचाला वीस मिनिटं कमी होती. "आणि मॅडम, तो कान मी उद्याच उतरवून नेतोय. त्याला नव्याने शिकवावं लागेल. हिच्याकडून."

किमयाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती अजून कागदच बघत होती, कपाळाला आठ्या घालून. पहिल्या ओळीवर तिने बोट ठेवलं.

"बाई, ह्या खोटा आसा ना?"

बाई तिच्यासमोर मातीत बसल्या. तीन वर्षांत त्यांनी गावाची भाषा एकदाही तोंडात घेतली नव्हती. आज घेतली.

"होय गो, किमया. ह्या खोटं आसा."

किमया खुदकन हसली. "खोटं नाय, बाई. खोटा." मग तिला बाईंची दया आली असावी. तिने कागद घडी करून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "पण चालतला. माका कळला."